पट्टी निघावी, रंग राहावा!

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा आणि गाड्यांच्या अंगावर नीट नजर टाका. दारावर काळी बीडिंग, खिडक्यांवर व्हायजर, चाकांच्या कमानींना प्लॅस्टिकचं क्लॅडिंग, डिकीवर क्रोमचं गार्निश, त्याच्या खाली व्हेरिएंटचा बिल्ला. शिवाय डीलरनं आपल्याला न विचारता स्वतःच्या नावाचा स्टिकर चिकटवलेला असतो तो वेगळाच. (गाडीचे पैसे आपण भरायचे आणि जाहिरात त्याची फुकट फिरवायची, हा फंडा मला आजवर कळलेला नाही.) हे सगळे गाडीचे दागिने. चढवताना पाच मिनिटं लागतात. उतरवायची वेळ आली की भलेभले हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतात, पट्टीच्या कडेला खुपसतात, एक हिसका देतात... आणि पट्टीबरोबर रंगाचा पापुद्राही हातात येतो.

उतरवायची वेळ येतेच. पोचा काढायचा असतो, रंग मारायचा असतो, तुटलेली पट्टी बदलायची असते, नाहीतर जुनी गाडी घेतल्यावर आधीच्या मालकाची हौस सहन होत नसते. आमच्याकडे ही वेळ गंजानं आणली.

गाडी बाबांची. लाल झेन, २००६ ची, म्हणजे त्या मॉडेलच्या अगदी शेवटच्या वर्षातली. आता चालवते मी, पण तिच्याबद्दलची मतं अजून बाबांचीच चालतात. गाडी घरी आली त्याच आठवड्यात त्यांनी ती ॲक्सेसरीजच्या दुकानात नेऊन चारही दारांना जाडजूड बीडिंग लावून घेतली होती. पार्किंगमध्ये शेजारच्याचं दार लागू नये, हा शुद्ध मध्यमवर्गीय विचार! वीस वर्षं ती पट्टी शेजाऱ्यांशी लढली. पण मग पावसाळ्यात मागच्या डाव्या दाराच्या पट्टीखालून तपकिरी ओघळ दिसायला लागले. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिल्यांदा १५ वर्षांनी आणि मग दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं. म्हणजे आमचं एक री-पासिंग २०२१ मध्ये झालं, दुसरं २०२६ मध्ये. दाराला भोक पडलेली गाडी घेऊन आरटीओसमोर उभं राहायची माझी काही इच्छा नव्हती.

पहिल्या गॅरेजमधल्या पेंटरनं बसल्या जागी उपाय सांगितला. "ताई, पट्टी काढायची गरज नाही. मास्किंग करतो, वरून रंग मारतो. कळणारपण नाही."

हे वाक्य तुम्हाला कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकू आलं तर गाडी परत घरी आणा. पट्टीभोवती मास्किंग टेप लावून रंग मारला की नवा रंग पट्टीच्या कडेपाशी थांबतो. तिथे त्याची एक उभी कड तयार होते, तिच्यात पाणी शिरतं आणि वर्ष-दोन वर्षांत नेमका तिथूनच रंग सुटायला लागतो. आणि आमच्या केसमध्ये तर आजार पट्टीच्या खाली होता. खाली गंज ठेवून वरून रंग मारणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर वॉलपेपर!

दुसरे होते नाना पेठेजवळचे एक उस्ताद. डेंटिंग-पेंटिंगमध्ये केस पांढरे झालेले. ते म्हणाले, "पट्टी तुम्हीच घरी काढून आणा. माझ्या पोरांना घाई असते." मला हा माणूस आवडला.

आधी बघा, मग हात लावा

गाडीच्या बाहेरचा कुठलाही भाग तीनच तऱ्हांनी धरलेला असतो. चिकटवलेला, क्लिपांनी दाबून बसवलेला किंवा स्क्रू-नटांनी आवळलेला. खोडी अशी की पुष्कळदा एकाच भागात दोन तऱ्हा एकत्र असतात. हल्लीच्या एसयूव्हींच्या कमानींवरचं काळं क्लॅडिंगच घ्या. क्लिपा असतात, काही ठिकाणी वर टेपही असते आणि चाकाच्या आतल्या बाजूनं एखाद-दुसरा स्क्रू दडलेला असतो. तो स्क्रू तसाच ठेवून ओढलंत की क्लॅडिंग बरोबर तिथेच फाटतं.

त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं नुसतं बघायचं. मोबाइलचा टॉर्च फटीत मारायचा. टोकांना, दाराच्या जाड कडेला, चाकाच्या आत, बोटांनी चाचपायचं. खिडकीच्या काचेला बाहेरून खेटून एक रबरी पट्टी असते. बऱ्याच गाड्यांत दार उघडलं की तिच्या टोकाशी एक स्क्रू सापडतो. तो काढला की पट्टी वरच्या दिशेनं उचलायची. लोक ती बाहेरच्या दिशेनं ओढतात, आतली धातूची पट्टी वाकते, आणि मग ती काचेला कधीच नीट टेकत नाही. डिकीवरच्या क्रोम गार्निशला बहुतेकदा आतून नट असतात, आणि नंबरप्लेटच्या दिव्याची किंवा कॅमेऱ्याची वायर त्याच्याच पोटातून गेलेली असते. ते बाहेरून उचकटायला जाणं म्हणजे वेडेपणाच.

आमच्या झेनच्या बीडिंगवर मला प्रत्येक टोकाशी एक छोटी गोल टिकली लागली. नखानं उचलली तर खाली स्क्रू! ॲक्सेसरीजवाल्या भाऊंनी टेपवर विश्वास न ठेवता प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना थेट पत्र्यात स्क्रू मारले होते. म्हणजे चार दारं, आठ भोकं. ओघळ कुठून येतायत याचं उत्तर मिळालं. पत्र्याला भोक पाडलं की तिथला रंग आणि प्रायमर दोन्ही गेले, उघडा पत्रा राहिला, आणि स्क्रूच्या कडेनं पावसाचं पाणी आत जायला रस्ता मिळाला. आजही कोणी तुमच्या नव्या गाडीला "पक्कं बसवतो" म्हणत ड्रिल मशीन काढलं तर चावी हातात घ्या आणि निघा.

रंग कुठला, कंपनीचा की गॅरेजचा?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि सगळं नुकसान इथेच होतं. कारखान्यात गाडीचा रंग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजून काढतात. त्या वेळी गाडीत ना सीट असतात ना वायरिंग, त्यामुळे एवढी उष्णता चालते. गॅरेजमध्ये तयार गाडीवर मारलेला रंग चांगल्या बूथमध्ये फार तर ६० अंशांच्या आसपास वाळवतात. साध्या गॅरेजमध्ये तर उन्हातच. साहजिकच भट्टीतला रंग पत्र्याला घट्ट धरून असतो. त्याच्यावरची टेप काळजीपूर्वक काढली तर सहसा काही होत नाही. गॅरेजच्या रंगाची खात्री नाही. खालची घासाई नीट झालेली नसेल तर टेपबरोबर तो सोलून येतो, आणि मग तुमचं कौशल्य कितीही असो.

ओळखायचं कसं? त्या दाराचा पृष्ठभाग तिरप्या उजेडात शेजारच्या दाराशी ताडून बघा. संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे वेगळे दिसले तर शंका घ्या. दाराच्या रबरावर, बिजागरीवर रंगाचे तुषार आहेत का बघा. आणि फडक्यात गुंडाळलेलं एक छोटं चुंबक दारावर टेकवून फिरवा. पत्र्यावर ते चिकटतं. लांबी, म्हणजे पुट्टी, जाड भरलेली असेल तिथे पकड ढिली होते.

आमच्या तीन दारांवर चुंबक मस्त चिकटलं. मागच्या डाव्या दारावर पट्टीच्या खालच्या अंगाला ते सरळ खाली पडलं. बाबांना विचारलं तर थोडा वेळ आठवून म्हणाले, "अगं हो, रिक्षावाल्यानं घासली होती ना... तेव्हा करून घेतलं होतं." निर्णय तिथेच झाला. तीन दारं मी करणार, चौथं उस्तादांचं.

हेअर ड्रायर आणि दोरा

सामान सगळं घरातलं. हेअर ड्रायर, मास्किंग टेप, जुनं क्रेडिट कार्ड, आणि डेंटल फ्लॉस किंवा तंगूस, म्हणजे मासे धरायच्या गळाचा नायलॉनचा दोरा. लहान बिल्ल्याला फ्लॉस पुरतो; लांब पट्टीला तंगूस बरी, कारण फ्लॉस सारखा तुटतो. दोऱ्याची दोन्ही टोकं हातमोजे घालून धरा किंवा पेन्सिलींना गुंडाळा, नाहीतर बोटं कापतात.

आधी गाडी शाम्पूनं स्वच्छ धुवायची, विशेषतः पट्टीच्या वरची फट. वीस वर्षांची माती तिथे बसलेली असते. ती तशीच ठेवून दोरा ओढलात तर दोरा म्हणजे सँडपेपर! मग पट्टीच्या वर-खाली मास्किंग टेप लावायची. रंगाला संरक्षणही होतं, आणि पट्टी परत लावायची असेल तर जागेची खूणही राहते.

आता उष्णता. गाड्यांवरच्या पट्ट्या ज्या टेपनं चिकटवतात ती साधारण ॲक्रिलिक फोमची असते. थ्री एम कंपनीनं १९८० मध्ये अशी टेप आणली, आणि पुढे ती गाड्यांपासून इमारतींच्या काचांपर्यंत सगळीकडे पोचली. तिचा स्वभाव गुळाच्या पाकासारखा आहे. गार असताना झटका दिला तर ताठ राहते आणि सगळी ओढ रंगावर टाकते. कोमट करून हळूहळू ताणली तर लांबते, सुटते. बँड-एड झटक्यात ओढायचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. इथे नेमकं उलटं!

ड्रायर चार-पाच इंचांवर धरून वीतभर लांबीचा भाग मिनिटभर शेकायचा, सारखा हलवत. मग पट्टीशेजारच्या रंगावर तळहात टेकवायचा. गरम लागावं, पण हात ठेवता यावा. चटका बसला तर जास्त झालं. हीट गनच्या मोहात पडू नका. तिची हवा पाचशे अंशांच्या वर जाऊ शकते, आणि पट्ट्यांचं नेहमीचं एबीएस प्लॅस्टिक शंभर-एक अंशांनंतर मऊ पडून वाकायला लागतं. रंगाला फोड येतात ते वेगळंच. आणि हे काम डिसेंबरातल्या सकाळी सात वाजता करू नका. गारठ्यात जुनं प्लॅस्टिक काचेसारखं तुटतं. अकरा वाजता उन्हात गाडी लावा. अर्धं काम सूर्य करतो.

टोक शेकलं की क्रेडिट कार्डानं जेमतेम दोरा जाईल एवढीच फट करायची. मग दोरा पट्टीमागे घालून करवतीसारखा मागे-पुढे, रंगाला समांतर. कापायचा तो फोम, बरोबर मधोमध. रंगावर ओढ बसायलाच नको. दोरा जड झाला की थांबून पुन्हा शेकायचं. आणि तो एकाच जागी ठाम अडला तर जोर करायचा नाही. तिथे स्क्रू असेल, क्लिप असेल, किंवा बिल्ल्याच्या मागची पिन असेल. काही बिल्ल्यांना अशा पिना असतात, पत्र्यातल्या भोकांत बसणाऱ्या. ते काढल्यावर मागे भोकं राहतात, हे आधीच ठरवून घ्या.

मला एका दाराला पाऊण तास लागला. बाबा खुर्ची टाकून बसले होते. "रंग जाईल, रंग जाईल" हा जप पहिलं दार संपेपर्यंत चालला. दुसऱ्या दाराला त्यांनी ड्रायर स्वतःच्या हातात घेतला.

पट्टी निघते, पण फोमचा काळा थर रंगावर तसाच राहतो. इथे बरेच जण थिनर आणतात. नका! थिनर गॅरेजचा रंग विरघळवतो आणि कंपनीच्या रंगाची चमकही घालवू शकतो. पेट्रोलचाही विचार सोडा; भर उन्हात, शेजारी ड्रायर सुरू असताना पेट्रोलचं फडकं म्हणजे आमंत्रणच. आधी थर पुन्हा कोमट करून अंगठ्यानं चोळायचा, त्याच्या वळकट्या होऊन निघतात. अंगठा दुखतो, पण सगळ्यात सुरक्षित तोच. उरलेल्या चिकट्याला टार रिमूव्हर, किंवा केमिस्टकडे मिळतं ते निलगिरीचं तेल. कोपऱ्यात थोडं लावून बघायचं, दोन मिनिटं ठेवायचं, पुसायचं, शाम्पूनं धुवायचं. ब्लेड अजिबात नाही.

आणि मग दिसतं ते अजब दृश्य. पट्टीखालचा पट्टा २००६ मधला, तोंडात टाकावा असा चेरी रेड! त्याच्या वर-खालचा रंग वीस वर्षं ऊन खाऊन विटलेला. लाल रंगात हा फरक जास्तच उठून दिसतो. पॉलिशनं तो कमी होतो, पूर्ण जात नाही. पट्टी कायमची काढायची म्हणत असाल तर ही रेघ डोळ्यांसमोर आणून मगच ठरवा.

चौथं दार उस्तादांकडे. त्यांनी बघताक्षणी सांगितलं की रंग येणार, आणि पट्टीबरोबर हातभर रंग आणि लांबीचा ढेपा आलाच. खाली मागच्या स्क्रूभोवती रुपयाएवढं गंजाचं वर्तुळ, आणि मधोमध पेन्सिल जाईल एवढं भोक. बाकीच्या सात भोकांच्या कडा नुसत्या तांबूस होत्या. उस्तादांनी पत्रा चमकेपर्यंत घासला, भोकाला आतून तुकडा वेल्ड केला, प्रायमर मारला. मग दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं तारेनं मोकळी केली. ती चिखलानं तुंबली होती. "पाणी आत येणार, ते काही थांबत नाही. जाऊ तरी द्या," एवढंच ते म्हणाले. ही भोकं तुमच्याही दारांना असतात. पावसाळ्यापूर्वी वाकून बघा.

क्लिपांचा मामला

बंपर, क्लॅडिंग, चाकाच्या आतलं लायनर, इथे राज्य क्लिपांचं. एक जात गोल डोक्याची, मध्ये छोटी पिन असलेली. ती पिन चपट्या स्क्रू-ड्रायव्हरनं आधी वर उचलायची, मग अख्खी क्लिप अलगद निघते. काहींची पिन उलट आत दाबावी लागते. म्हणून पहिली क्लिप काढताना घाई करायची नाही, बाकीच्या सगळ्या तशाच असतात. दुसरी जात मागून काटेरी. तिच्या अगदी जवळ प्लॅस्टिकचं उचकटणं घालायचं, म्हणजे पट्टी मध्येच वाकत नाही. ही प्लॅस्टिकची हत्यारं काही शे रुपयांत सेटमध्ये मिळतात. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर वापरायचाच असेल तर टोकाला भरपूर टेप गुंडाळा.

जुन्या गाडीत नायलॉनच्या क्लिपा तुटणारच, त्याचं दुःख करू नका. सुट्या क्लिपा नाना पेठेत नगावर मिळतात. नमुन्याला एक अख्खी घेऊन जा. जपायचं असतं ते प्लॅस्टिकच्या भागाचं स्वतःचं लॉक, म्हणजे त्याला अंगचाच असलेला आकडा. तो तुटला की अख्खा भाग गेला, आणि मॉडेल बंद झालेलं असेल तर तो शोधणं म्हणजे जुन्या बाजारात वणवण.

नव्या गाडीच्या बंपरला मात्र हौस म्हणून हात घालू नका. मागे पार्किंग सेन्सर, पुढे फॉग लॅम्पच्या वायरी, काहींत रडारसुद्धा. बंपर सुटला की वायरीला लोंबकळतो. ते काम दोन माणसांचं आहे, आणि रडार असेल तर जागा मिलिमीटरनंही हलली तरी पुन्हा जुळवणी लागू शकते. शिवाय नंबरप्लेट. हाय सिक्युरिटी प्लेटची स्नॅप लॉक एकदाच बसतात. काढायची म्हणजे तोडायची, आणि नवी अधिकृत केंद्रातूनच घ्यायची. बंपर गॅरेजला देताना प्लेटसकट काढता येईल का, हे आधी विचारा.

पट्टी परत लावायची असेल तर जुना फोम पूर्ण साफ करा, पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, बाहेरच्या वापराची ॲक्रिलिक फोम टेपच घ्या आणि पट्टी इंच-इंच दाबत जा. पूर्ण पकड यायला तीनेक दिवस लागतात. तोवर गाडी धुऊ नका, पावसातही काढू नका.

आमच्या पट्ट्या परत लागल्या, फक्त टेपवर. आठही भोकं बंद झाली, मागचं डावं दार नव्यानं लाल झालं. ते बाकीच्या तीन दारांपेक्षा थोडं जास्तच लाल आहे. उस्ताद म्हणाले, सहा महिने उन्हात फिरवा, जुळेल. बाबा म्हणतात, नाही जुळणार. सध्या ते रोज संध्याकाळी खाली जाऊन बघतात.